पाणउताऱ्याचा मान

डॉन रिकल्स या अमेरिकन स्टँड-अप कॉमेडियनने साठ वर्षं समोर बसलेल्या माणसांचा अपमान करून संसार केला. पुढच्या टेबलावरच्या गिऱ्हाइकाचं टक्कल, त्याच्या बायकोचा पोशाख, त्याचा धंदा, आडनावावरून कळणारा त्याचा मुलूख, यातलं काही त्याच्या तडाख्यातून सुटत नसे. इंग्रजीत या प्रकाराला ‘इन्सल्ट कॉमेडी’ म्हणतात. मराठीत फिरकी घेणं, खेचणं, टोपी उडवणं असे बरेच शब्द आहेत, पण ते सगळे इथे सौम्य पडतात. रिकल्स करायचा तो चारचौघांत, तोंडावर, नाव विचारून केलेला पाणउतारा. आणि लोक त्यासाठी पैसे मोजून पुढची टेबलं मागत. लास वेगासला जाऊन रिकल्सची बोलणी खाऊन आलो, हे गावी परतल्यावर कौतुकाने सांगण्यासारखं असे.

त्याचा जन्म ८ मे १९२६चा, न्यू यॉर्क शहराच्या क्वीन्स भागातला. घराणं ज्यू. वडील मॅक्स लिथुआनियातून अमेरिकेत आलेले, विम्याच्या पॉलिसी विकणारे. आई एटा न्यू यॉर्कमध्येच जन्मलेली आणि करारी. दुसऱ्या महायुद्धातल्या जनरल पॅटनची ज्यू आवृत्ती, असं मुलगा तिचं वर्णन करायचा. शाळा संपल्यावर रिकल्स नौदलात भरती झाला आणि ‘सायरीन’ नावाच्या जहाजावर फिलिपिन्सच्या समुद्रात राहिला. टॉर्पेडो बोटींना रसद आणि दुरुस्ती पुरवणं हे त्या जहाजाचं काम होतं. १९४६मध्ये नौदलातून सुटका झाल्यावर त्याने न्यू यॉर्कच्या अमेरिकन अकॅडमी ऑफ ड्रामॅटिक आर्ट्समध्ये दोन वर्षं अभिनयाचं शिक्षण घेतलं. त्याला नट व्हायचं होतं. नाटकांत काम काही मिळेना, म्हणून पोटासाठी तो नाइट क्लबांत विनोद सांगू लागला.

त्या काळचा अमेरिकन नाइट क्लब म्हणजे दारू, सिगारेटचा धूर, बँड आणि दोन गाण्यांच्या किंवा दोन नाचांच्या मध्ये वेळ भरून काढायला उभा केलेला विनोदी माणूस. रिकल्सने सुरुवातीला स्ट्रिपटीजच्या क्लबांतही कामं केली. तिथे विनोद ऐकायला कोणी येत नसे. लोक मध्येच ओरडत, ‘बाई कुठे आहे’ असा पुकारा करत. असा मध्ये तोंड घालणारा प्रेक्षक म्हणजे ‘हेकलर’. रिकल्सचे पाठ केलेले विनोद आणि नकला बेताच्याच होत्या, पण ओरडणाऱ्याला तो जे उत्तर द्यायचा त्यावर अख्खी खोली हसायची. हळूहळू पाठांतर गळून पडलं आणि उत्तरं तेवढी उरली. मग कोणी ओरडण्याची वाट न पाहता तो स्वतःच टेबलांवरून नजर फिरवून गिऱ्हाईक शोधू लागला. पुढच्या सगळ्या कारकिर्दीचं यश आणि अपयश या एका गोष्टीत आहे: त्याचा विनोद कागदावर लिहिलेला नव्हता, तो समोरच्या माणसाला बघून तयार होई.

तोंडावर अपमान करण्याचा धंदा काही त्याने शोधून काढलेला नाही. जॅक ई. लेनर्ड नावाचा जाडजूड विनोदवीर त्याच्या आधीपासून हेच करत होता, आणि रिकल्सने आपली शैली उचलली अशी त्याची तक्रार होती. तक्रारीत तथ्य असेलही. पण लेनर्डची ताकद सुट्या, एकेका वाक्याच्या टोल्यांत होती. रिकल्स एकदा धरलेल्या माणसाकडे फिरून फिरून परत येई, आणि कार्यक्रम संपेपर्यंत तो अनोळखी माणूस त्या रात्रीच्या नाटकातलं एक पात्र होऊन बसे.

नशीब उघडलं ते १९५७मध्ये, मायामी बीचवर. गायक फ्रँक सिनात्रा तेव्हा लोकप्रियतेच्या शिखरावर होता, आणि त्याच्या गाण्याइतक्याच त्याच्या रागाच्या आणि मारामाऱ्यांच्या कहाण्या प्रसिद्ध होत्या. रिकल्सची आई आणि सिनात्राची आई डॉली यांची मायामीत ओळख झाली होती. माझ्या मुलाचा कार्यक्रम बघायला तुमच्या मुलाला पाठवा, म्हणून एटा डॉलीच्या मागे लागली. सोयरीक जुळवावी तसं दोन आयांनी हे जुळवून आणलं. सिनात्रा आपल्या माणसांसह क्लबात आला, आणि रंगमंचावरून रिकल्सने त्याचं स्वागत केलं ते असं: ये फ्रँक, घर आपलंच समज, ठेवून दे कुणाला तरी एक! सिनात्राचा ‘द प्राइड अँड द पॅशन’ हा चित्रपट त्याच वर्षी आला होता, त्यात एक भली मोठी तोफ आहे. चित्रपट पाहिला, तोफेने काम फार छान केलंय, असंही त्याने ऐकवलं. सिनात्रा हसत सुटला. ज्याच्यापुढे बोलताना बाकीचे शब्द तोलून मापून वापरत, त्याच्या रागावरच या माणसाने बोट ठेवलं होतं.

त्यानंतर सिनात्रा स्वतः मित्रांना घेऊन त्याच्या कार्यक्रमांना येऊ लागला, आणि सिनात्राला चालतं म्हटल्यावर इतर सिनेतारेही लॉस एंजेलिसच्या क्लबात त्याची बोलणी खायला येऊन बसू लागले. या दोघांचा एक किस्सा रिकल्स आयुष्यभर सांगत आला. लग्नाआधी एकदा तो लास वेगासच्या सँड्स हॉटेलात एका मुलीला घेऊन बसला होता. सिनात्रा आपला मित्र आहे हे तिला पटेना. रिकल्स उठून सिनात्राच्या टेबलाशी गेला आणि विनंती केली की जरा आमच्या टेबलाशी येऊन नमस्कार-चमत्कार करून जा, माझी पत राहील. थोड्या वेळाने सिनात्रा खरोखरच आला आणि म्हणाला, ‘काय डॉन, कसा आहेस?’ रिकल्सने वर बघून उत्तर दिलं, ‘फ्रँक, आत्ता नको, दिसत नाही का मी कुणाबरोबर बसलोय ते!’ किस्सा सांगून सांगून घासून गुळगुळीत झालेला आहे आणि त्यात मीठमसाला किती ते देव जाणे. पण रिकल्सचं सगळं तंत्र या एका वाक्यात सापडतं. मोठ्या माणसाकडून मेहरबानी मागून घ्यायची आणि ती मिळाल्याक्षणी त्यालाच उडवून लावायचं.

१९५९पासून लास वेगासच्या सहारा हॉटेलातलं ‘कॅसबार’ लाउंज हा त्याचा अड्डा झाला. वेगासच्या हॉटेलांत मोठ्या नावांचे कार्यक्रम मुख्य सभागृहात होत. लाउंज म्हणजे जुगाराच्या टेबलांलगतची लहान जागा, मुख्य कार्यक्रम सुटल्यावर लोक तिथे रेंगाळत. रिकल्स मध्यरात्रीनंतर उभा राहायचा. त्या वेळी इतर हॉटेलांत गाऊन मोकळे झालेले कलाकारही येऊन बसत. त्यामुळे शेजारच्या दोन टेबलांवर एखादा सिनेनट आणि शिकागोहून आलेला एखादा फर्निचरचा व्यापारी असत, आणि रिकल्स दोघांना एकाच मापाने मोजे. व्यापाऱ्याला बाकी कुठे ही बरोबरी मिळणार होती? आपला अपमान झाला याचं त्याला वाईट वाटत नसे, कारण तसाच अपमान आत्ताच गायक-नट डीन मार्टिनचा झालेला असे.

कार्यक्रमाची बांधणी ठरलेली होती, शब्द तेवढे ठरलेले नसत. बैलांच्या झुंजीत मॅटाडोर रिंगणात येताना वाजवतात ते स्पॅनिश संगीत बँड सुरू करी आणि टक्सीडो घातलेला, ठेंगणा, टकला रिकल्स प्रवेश करी. कुणाकुणाचा बळी जाणार आहे, हे सांगायला एवढं पुरे. मग चौकशी सुरू होई: नाव काय, कुठून आलात, काम काय करता, शेजारी कोण, बायको का? उत्तर येताक्षणी वार. बोलणं इतकं भरभर चाले की एका वाक्याने दुखावून घ्यायला माणसाला वेळ मिळायच्या आत पुढचं वाक्य शेजाऱ्याला लागलेलं असे. सुटं काढून कागदावर लिहिलं तर त्यातलं निम्मं विनोदी वाटतच नाही. १९६८मध्ये निघालेली ‘हॅलो, डमी!’ ही त्याच्या कार्यक्रमाची ध्वनिमुद्रिका ऐकली की मात्र गंमत कळते. मजा शब्दांपेक्षा वेगात आणि स्वरात आहे. ‘हॉकी पक’ ही त्याची ठरलेली शिवी. आइस हॉकीत सगळे काठ्या घेऊन जिच्यावर तुटून पडतात ती रबराची चकती म्हणजे पक. मराठीत ‘दगड’ म्हणावं तितपतच तिला धार, म्हणून तर ती कुणालाही देता येई.

रंगमंचावर तो घाणेरडे शब्द जवळजवळ वापरत नसे, हे मुद्दाम सांगायला हवं. त्याच काळात लेनी ब्रूस या विनोदवीरावर अश्लीलतेचे खटले चालले आणि १९६४मध्ये न्यू यॉर्कच्या कोर्टाने त्याला दोषी ठरवलं. ब्रूस धर्म, कायदा, समाजाचा ढोंगीपणा यांवर घसरत होता. रिकल्सला व्यवस्थेशी भांडण नव्हतं. त्याला समोरच्या खुर्चीतला माणूस पुरेसा होता. तो मध्यमवर्गाला परवडला आणि टीव्हीलाही परवडला, याचं कारण यात आहे. शिवाय शेवटी तो आवाज खाली आणून चार शब्द मनापासून बोले: मी कुणाचा द्वेष करत नाही, आपण सगळे सारखेच आहोत, कुणाला लागलं असेल तर माफ करा. काहींना हा भाग चिकट वाटे, आणि तो होताही. पण तासभर झालेल्या माऱ्यानंतर लोकांना हसत घरी पाठवायचं तर हा लेप लावणं भागच होतं.

घराघरांत तो पोचला तो टीव्हीमुळे. ७ ऑक्टोबर १९६५ रोजी तो जॉनी कार्सनच्या ‘द टुनाइट शो’ या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमात पहिल्यांदा आला आणि पुढच्या पंचवीसेक वर्षांत शंभराच्या वर वेळा येत राहिला. कार्सनने त्याचं नाव ‘मिस्टर वॉर्म्थ’, म्हणजे मायाळूबुवा, असं ठेवलं, आणि ते कायमचं चिकटलं. डिसेंबर १९७६मधला एक प्रसंग तर अमेरिकन टीव्हीच्या आठवणीतला ठेवा झाला आहे. कार्सन रजेवर होता, त्याच्या जागी विनोदवीर बॉब न्यूहार्ट कार्यक्रम चालवत होता आणि पाहुणा होता रिकल्स. बोलण्याच्या भरात रिकल्सने कार्सनच्या टेबलावरची लाकडी सिगारेटपेटी आपटली आणि ती मोडली. दुसऱ्या दिवशी कार्सन परत आला, त्याला पेटी मोडलेली दिसली, आणि कुणी मोडली तेही कळलं. रिकल्स त्याच वेळी शेजारच्या स्टुडिओत आपल्या मालिकेचं चित्रीकरण करत होता. कार्सन कॅमेरा बरोबर घेऊन सरळ तिकडे घुसला आणि चालू प्रसंग थांबवून, मोडकी पेटी नाचवत, त्याने रिकल्सला सगळ्यांदेखत झापलं. रिकल्स गांगरलेला दिसतो, हसू आवरत नाही, आणि उत्तर सुचत नाही. दुसऱ्यांवर इतकी वर्षं चालवलेलं हत्यार त्या दिवशी त्याच्याकडेच वळलं होतं.

ज्या मालिकेत कार्सन घुसला तिचं नाव ‘सीपीओ शार्की’. नौदलातल्या नव्या रंगरुटांना वळण लावणाऱ्या तोंडाळ अधिकाऱ्याची ती भूमिका रिकल्ससाठी शिवून घेतल्यासारखी होती, तरी मालिका १९७६ ते १९७८ अशी दोनच हंगाम चालली. ही त्यातल्या त्यात बरी. १९६८मध्ये एबीसी वाहिनीवर सुरू झालेला ‘द डॉन रिकल्स शो’ काही महिन्यांत बंद पडला. १९७२मध्ये त्याच नावाची दुसरी मालिका सीबीएसवर आली आणि तेरा भागांत आटोपली. १९९३ची ‘डॅडी डिअरेस्ट’ही तशीच गेली. गाजलेल्या विनोदवीराच्या मालिका एकामागून एक का पडाव्यात? लेखकाने लिहून दिलेला अपमान नटाने नटाला केला की त्यात धोका उरत नाही. समोरच्याला तो आधीच ठाऊक असतो, त्याने तालीम केलेली असते. रिकल्सचा प्रेक्षक हसे तो ‘आता हा चिडला तर?’ या धास्तीवर, आणि पटकथेत ती धास्ती लिहिता येत नाही.

धास्ती शाबूत ठेवणारा टीव्हीचा प्रकार म्हणजे ‘रोस्ट’. न्यू यॉर्कच्या फ्रायर्स क्लबात जुनी प्रथा होती: एखाद्या सभासदाचा सत्कार करायचा तो त्याला मध्ये बसवून, मित्रांनी एकेक करून त्याची लाज काढायची. डीन मार्टिनने १९७०च्या दशकात ही प्रथा टीव्हीवर आणली आणि रिकल्स तिथला हुकमाचा एक्का ठरला. १९७४मध्ये खुद्द त्यालाही मध्ये बसवण्यात आलं. हा प्रकार चाळीस वर्षांनी मुंबईतही आला. डिसेंबर २०१४मध्ये वरळीत ‘एआयबी नॉकआउट’ झाला, त्यात रणवीर सिंग आणि अर्जुन कपूर यांची मित्रांनी यथेच्छ धुलाई केली आणि करण जोहर सूत्रधार होता. सभागृहात सगळे हसले. पण चित्रफीत यूट्यूबवर गेली, तक्रारी झाल्या, ती काढून टाकावी लागली आणि गुन्हाही नोंदवला गेला. भाषेची पातळी हा त्यातला वेगळा मुद्दा; रिकल्सच्या मानाने ती पुष्कळच खाली होती. पण खोलीत बसलेल्यांनी मान्य केलेला पाणउतारा खोलीबाहेरच्यांनी मान्य केलेला नसतो, ही अडचण दोन्हीकडे सारखीच.

सत्तेसमोर उभं राहण्याची त्याची मोठी वेळ जानेवारी १९८५मध्ये आली. रोनाल्ड रेगन दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष झाले, त्या सोहळ्याच्या करमणुकीची जबाबदारी सिनात्राकडे होती. रिकल्सला बोलवायला आयोजक कचरत होते. रिकल्स नाही तर मीही नाही, असं सिनात्राने सांगितल्यावर त्यांचा नाइलाज झाला. रिकल्सने रेगन यांच्याकडे बघून विचारलं, ‘रॉनी, फार भरभर होतंय का?’ वयोवृद्ध राष्ट्राध्यक्षांच्या तल्लखपणाबद्दल देशात कुजबुज चालू असताना हे त्यांच्या तोंडावर बोलणं सोपं नव्हतं. रेगन हसले.

वंश आणि जमात यांवरचे त्याचे विनोद मात्र दिवसेंदिवस पचायला जड होत गेले. इटालियन, पोलिश, जपानी, मेक्सिकन, कृष्णवर्णीय, आणि सगळ्यांत आधी ज्यू, असं कुणालाच त्याने सोडलं नाही. त्याचे चाहते याचाच दाखला देत: तो सगळ्यांना सारखाच झोडतो, स्वतःलाही. हा बचाव अर्धाच खरा आहे. सिनात्राला मारलेला टोमणा आणि गोऱ्यांनी भरलेल्या खोलीतल्या एकट्या कृष्णवर्णीय माणसाला मारलेला टोमणा यांचं वजन एकच नसतं, मारणारा हात एक असला तरी. २०१२मध्ये अभिनेत्री शर्ली मॅक्लेन हिच्या सत्कार समारंभात त्याने राष्ट्राध्यक्ष ओबामा आपल्या घरी फरशी पुसायला आल्यासारखा विनोद केला आणि त्याच्यावर चौफेर टीका झाली. त्याच्या बाजूने सांगण्यात आलं की तो नेहमीच असंच बोलत आला आहे. तेही खरंच होतं; तो बदलला नव्हता, ऐकणारे बदलले होते.

चित्रपटांत तो १९५८पासून होता. क्लार्क गेबल आणि बर्ट लँकेस्टर यांच्या ‘रन सायलेंट, रन डीप’ या पाणबुडीपटात त्याची पहिली भूमिका. १९७०च्या ‘केलीज हिरोज’मध्ये क्लिंट ईस्टवूडबरोबर त्याने सैन्यातला काळाबाजारवाला रंगवला. मार्टिन स्कोर्सेसीच्या ‘कसिनो’मध्ये, १९९५ साली, तो जवळपास गप्प राहणारा व्यवस्थापक आहे आणि एका प्रसंगात टेलिफोनने मार खातो. त्याच वर्षी ‘टॉय स्टोरी’ आला. त्यातल्या मिस्टर पोटॅटो हेड या चिडक्या, खोचक खेळण्याला रिकल्सने आवाज दिला, आणि ज्यांनी वेगासचं नावही ऐकलं नव्हतं अशी लहान मुलं त्याला ओळखू लागली. चित्रपटात हा बटाटा एका खेळण्याला ‘हॉकी पक’ म्हणून झापतो, आणि ते खेळणं खरोखरच हॉकीची चकती असतं.

खाजगी आयुष्य मात्र शांत, अगदी चाकोरीतलं. १९६५मध्ये, अडतिसाव्या वर्षी, त्याने बार्बरा स्कलार हिच्याशी लग्न केलं आणि ते शेवटपर्यंत टिकलं. मिंडी आणि लॅरी ही दोन मुलं. जिवलग मित्र बॉब न्यूहार्ट, हळू बोलणारा, संकोची विनोदवीर. दोन्ही कुटुंबं सुट्टीला बरोबर जात. लॅरीने ‘मिस्टर वॉर्म्थ’ या वडिलांवरच्या माहितीपटाच्या निर्मितीत भाग घेतला. जॉन लँडिस दिग्दर्शित हा माहितीपट २००७मध्ये आला, आणि त्यासाठी पुढच्या वर्षी रिकल्सला एमी पुरस्कार मिळाला, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. २०११मध्ये लॅरी वारला. रिकल्स काम करत राहिला. पायाच्या आजारानंतर उभं राहणं अवघड झालं तेव्हा तो खुर्चीत बसून कार्यक्रम करू लागला.

६ एप्रिल २०१७ रोजी, एक्क्याण्णवाव्या वाढदिवसाच्या महिनाभर आधी, लॉस एंजेलिसच्या राहत्या घरी मूत्रपिंड निकामी होऊन त्याचं निधन झालं. ‘टॉय स्टोरी ४’मधले त्याचे संवाद ध्वनिमुद्रित व्हायचे राहिले होते. घरच्यांच्या संमतीने चित्रपटकर्त्यांनी त्याची जुनी ध्वनिमुद्रणं धुंडाळली, आधीच्या चित्रपटांतून आणि इतर ठिकाणांहून वापरता येतील ती वाक्यं वेचून काढली, आणि २०१९मध्ये आलेल्या त्या चित्रपटात बटाटा बोलला तो रिकल्सच्याच आवाजात.